आइसलंडची सात दिवसांची गाइडेड टूर: बसचं दार उघडायच्या आत तयार कसं राहायचं

आइसलंड म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातले ते रंगीत प्रकाशाचे पडदे) दिसतील का. तर ते आधी उरकून टाकते. जून-जुलैत नाही दिसणार, कारण तेव्हा तिथे धड रात्रच होत नाही, राजधानी रेक्याविकमध्ये जूनमध्ये सूर्य मावळतो तोच मध्यरात्रीच्या आसपास. लाइट्स हवे असतील तर सप्टेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जा, पण मग डिसेंबरात उजेड मिळतो दिवसाला जेमतेम चार-पाच तास आणि बर्फ-वाऱ्याने रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणजे बेटाला पूर्ण चक्कर मारायचीय की आकाशाकडे बघत बसायचंय हे आधी ठरवा. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कोंबायची हौस असेल तर सप्टेंबर, पण आकाश मोकळं मिळायलाच हवं, ती गॅरंटी कोणी देत नाही.

आम्ही गेल्या जूनमध्ये गेलो, मी, आई, बाबा आणि मावशी. वयं बासष्ट ते एकाहत्तर (माझं सोडून). गाडी मी चालवू शकले असते, पण तिथला वारा बघितल्यावर वाटलं नाही चालवली तेच बरं झालं. तिकडे पार्क केलेल्या गाडीचं दार बेसावधपणे उघडलं तर वारा ते उलटं पिळून टाकतो, आणि भाड्याच्या गाडीच्या बऱ्याच इन्शुरन्समध्ये ते नुकसान धरतच नाहीत. ट्रेन नावाचा प्रकार त्या देशात नाही. त्यामुळे आईवडिलांना घेऊन जायचं तर गाइडेड मिनीबस हा मला तरी सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पण टूर निवडताना इथेच लोक फसतात. किंमत बघतात, किती ठिकाणं दाखवणार ते मोजतात, आणि रात्री कुठे राहायचंय ते बघतच नाहीत. रिंगरोड, म्हणजे एक नंबरचा रस्ता, १३२२ किलोमीटरचा आहे, अख्ख्या बेटाला वळसा घालतो. हा १९७४ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी दक्षिणेकडच्या वाळवंटासारख्या पुराच्या पट्ट्यावर पूलच नव्हते. बेट मोठं आहे, साधारण एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा एक तृतीयांश धरा, आणि माणसं चार लाखांच्या आतच. सात दिवसांत चक्कर होते, पण रोज वेगळ्या गावात मुक्काम असेल तरच. काही टूर्स सातही रात्री रेक्याविकला ठेवतात आणि रोज जाऊन-येऊन दाखवतात. ऐकायला छान, बॅग भरायची कटकट नाही, पण हिमनगांच्या तळ्यापर्यंत एका बाजूचेच पावणेचारशे किलोमीटर होतात, तेव्हा तो एक दिवस चौदा तासांचा जातो आणि त्यातले दहा तास तुम्ही खिडकीबाहेर बघत बसता. तेव्हा कार्यक्रमपत्रिका हातात आली की पहिलं बोट मुक्कामाच्या गावांवर ठेवा. सेल्फॉस, व्हीक, हॉफ्न, एगिल्सस्टाडिर, म्यीवात्न किंवा अकुरेरी अशी नावं दिसली तर ती खरी चक्कर.

दुसरं म्हणजे गाडीत किती माणसं. १६ ते १९ सीटची मिनीबस असेल तर एका स्टॉपवर सगळे उतरून चढायला पाच मिनिटं, पन्नास सीटच्या कोचला वीस. आता हे क्षुल्लक वाटेल, पण एका स्टॉपला तुमच्या वाट्याला येणार तीस-चाळीस मिनिटं, त्यातली वीस उतरण्या-चढण्यात गेली तर धबधबा काय पाठमोरा बघायचा? तिसरं, पैशात काय धरलंय ते लेखी विचारा. सहसा नाश्ता असतो, रात्रीचं जेवण नसतं, आणि तळ्यातली बोट, हिमनदीवरचा वॉक, व्हेल बघायची बोट, गरम पाण्याच्या कुंडाचं तिकीट हे सगळं वेगळं. आमच्या बुकिंगवाल्याने फोनवर "सगळं इन्क्लुडेड आहे हो" म्हटलं होतं, तिथे गेल्यावर कळलं त्याचं सगळं आणि आपलं सगळं यात फरक आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो लवकर करा, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट संपतात. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्ट असेल तर तिकडचा रेसिडन्स असूनही शेंगेन लागतोच, माझ्या एका मैत्रिणीला हे तिकीट काढल्यावर कळलं. भारतातून थेट विमान नाही, लंडन, कोपनहेगन, फ्रँकफर्ट असं कुठूनतरी बदलून जायचं. विमान केफ्लाविकला उतरतं, तिथून रेक्याविक पन्नास किलोमीटर.

आता कपडे, कारण गाइडेड टूरमध्ये कपडे बदलायला वेळ नसतो, जे अंगावर आहे त्यातच उतरायचं. जूनमध्येसुद्धा आठ ते चौदा डिग्री, वर वारा, वर आडवा पाऊस. छत्री घरी ठेवा, अक्षरशः. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा उलटा वर उडताना बघितलाय ना, तसला वारा आहे हा, छत्रीची काय कथा. आतून थर्मल, मध्ये फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट. ही पँट लोक विसरतात आणि मग ओल्या जीन्सने दिवसभर बसमध्ये कुडकुडत बसतात. जीन्स नकोच. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, तळवा खडबडीत. बाबा म्हणाले माझे मॉर्निंग वॉकचे बूट पुरेत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या हीटरवर ते बूट वाळत घातले होते. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या, रात्री बारा वाजता खिडकीतून दुपार दिसते, पडदे असून-नसून सारखे.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण शाकाहारी माणूस बरोबर असेल तर निम्मी ट्रिप त्यावरच अवलंबून. रेक्याविकमध्ये भारतीय रेस्टॉरंट मिळतात, गावाबाहेर पडलात की पेट्रोल पंपावरचं ग्रिल, मटणाचं सूप, हॉट डॉग आणि मासे. साधं सूप-ब्रेड दोन-तीन हजार क्रोना. क्रोना रुपयापेक्षा थोडा स्वस्त पडतो, तरी आकडा बघून आईने मेनू मिटवून टेबलावर ठेवला. उपाय असा की पहिल्याच दिवशी गाइडला सांगून सुपरमार्केटला थांबवून घ्या. बोनुस नावाची साखळी आहे, गुलाबी डुकराची पाटी, ते स्वस्त. तिथून ब्रेड, चीज, केळी, टोमॅटो, आणि स्कीर घ्या. स्कीर म्हणजे आपल्या चक्क्याचा भाऊच, मावशीने साखर आणि वेलदोड्याची पूड घालून त्याचं श्रीखंड केलं आणि बसमधल्या दोन जर्मन बायकांना वाटलं. घरून थेपले, चटणी, मेतकूट, लाडू, खाकरे न्या, मांस आणि दुधाच्या पदार्थांबद्दल मात्र कस्टम्सचे नियम आधी बघा. आणि हो, छोटी इलेक्ट्रिक किटली! तिकडे प्रत्येक हॉटेलच्या रूममध्ये किटली असेलच असं नाही, आणि चहाशिवाय आपली माणसं सकाळी सातला बसपाशी उभी राहत नाहीत. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी झऱ्याचं असतं, उत्तम. गरम नळाला सडक्या अंड्याचा वास येतो, ते जमिनीखालून आलेलं पाणी आहे, गंधकाचा वास, आंघोळीला काही होत नाही. बाबांना पहिले दोन दिवस वाटत होतं ड्रेनेज तुंबलंय.

रोख पैसे आम्ही एकदाही काढले नाहीत. टॉयलेटसुद्धा कार्डवर, आणि कार्डाचा पिन पाठ असू द्या, काही मशिनं टॅप घेत नाहीत. टॉयलेटवरून आठवलं, बस थांबली की गरज असो-नसो जाऊन या, पुढचं शंभर किलोमीटरवर असू शकतं आणि मध्ये झाड नाही आडोशाला.

गोल्डन सर्कल पहिल्या दिवशी असतं. थिंगवेल्लिर, गेसिर, गुल्फॉस. थिंगवेल्लिरला ९३० मध्ये त्यांची पहिली लोकसभा भरली, उघड्यावर, कड्याला पाठ लावून, आणि १९४४ मध्ये प्रजासत्ताक पण तिथेच जाहीर केलं. जमिनीच्या दोन प्लेट्स, एक उत्तर अमेरिकेची आणि एक युरेशियाची, तिथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर लांब सरकतात. एक पाय अमेरिकेत एक युरोपात असा फोटो सगळे काढतात, काढा बापडे, पण खरं म्हणजे ती एक रेघ नाही, काही किलोमीटर रुंदीचा खचलेला पट्टा आहे, अख्खं मैदानच मधे आहे. गेसिरला जमिनीतून गरम पाण्याचे फवारे उडतात, मूळचा गेसिर बहुतेक झोपलेलाच असतो, उडतो तो शेजारचा स्ट्रोक्कुर, दर पाच-दहा मिनिटांनी. युक्ती अशी की पहिला फवारा फोन खाली ठेवून बघा, दुसरा फोटोसाठी, आणि वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला उभे राहू नका, गरम पाण्याची फवारणी मिळते. गुल्फॉसला वर आणि खाली अशा दोन वाटा आहेत, वेळ कमी असेल तर खालची घ्या, पाण्याच्या अंगावर जाते. तिथे सिग्रिदुर नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं स्मारक आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धबधब्यावर वीज प्रकल्प येणार होता, ती त्याविरुद्ध भांडली, रेक्याविकपर्यंत चालत जायची असं सांगतात. तिचे वकील पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसरा दिवस दक्षिण किनाऱ्याचा आणि माझ्या मते सगळ्या टूरचा जीव तिथे आहे. फॉस म्हणजे धबधबा हे एकदा कळलं की निम्मी नावं सोपी होतात. सेल्यालांड्सफॉस साठ मीटरचा, त्याच्या मागून चालत जाता येतं, इथे ती वॉटरप्रूफ पँट घालूनच बसमधून उतरा, नंतर घालतो म्हणाल तर नंतर भिजलेलेच असता. तिथून काही मिनिटं पुढे चालत गेलं की कपारीत दडलेला आणखी एक धबधबा आहे, ग्ल्यूफ्राबुई, बरेच ग्रुप तिथे जातच नाहीत, गाइडला दहा मिनिटं जास्त मागा. स्कोगाफॉसला बाजूने पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर अजिबात चढू नका, तो खालूनच जास्त भव्य दिसतो हे मी चढून आल्यावर सांगतेय. याच पट्ट्यात एयाफ्यात्लायोकुल, २०१० मध्ये ज्याच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर बसवली तोच ज्वालामुखी. ढग नसतील तर बसमधून दिसतो, शांत पांढरा, आपण त्या गावचेच नाही असा.

मग रेनिसफ्यारा, काळ्या वाळूचा किनारा. इथे नीट ऐका. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. तिथे पर्यटक वाहून गेलेत, जीव गेलेत, आणि ते पोहायला गेलेले नव्हते, कोरड्या वाळूवर उभे होते. चार-पाच लाटा साध्या येतात आणि मग एकच अशी येते की ती पार आत घुसते, कारण समोर दूरपर्यंत जमीनच नाही अडवायला आणि किनाऱ्याजवळ तळ एकदम खोल उतरतो. पार्किंगपाशी दिवे आहेत, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. कोकणातल्या समुद्रात वाढलोय वगैरे इथे चालत नाही. बाबा मालवणचे, त्यांचा हात मी धरून ठेवला होता. पण लांबून बघायला काय आहे म्हणून सांगू, बसाल्टचे खांबच्या खांब, पेन्सिली उभ्या रचल्यासारखे. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितलीय? तोच प्रकार. लाव्हा थंड होताना आकसतो आणि षटकोनी तडे जातात. आपला सह्याद्री पण बसाल्टचाच, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि हे कालचं पोर. बाबांना हे सांगितल्यावर पुढचे पाच दिवस प्रत्येक डोंगर बघून "हा आपला ड्यूक्स नोज, हा लोहगड" असं चाललं होतं. पफिन पक्षी बघायचे असतील तर जवळच्या दिरहोलाएच्या कड्यावर मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात, नंतर समुद्रात जातात.

व्हीकच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या शेवाळाने मढलेला लाव्हा लागतो, गादी पसरल्यासारखा. हा १७८३ च्या लाकी उद्रेकाचा लाव्हा, त्याने आणि त्यानंतरच्या दुष्काळाने तेव्हा देशातला साधारण पाचवा हिस्सा माणसं गेली. त्यावर पाय ठेवायचा नाही, ते शेवाळ परत यायला दशकं लागतात. आमच्या बसमधला एक जण फोटोसाठी त्यावर आडवा पडला, गाइड एवढी हसरी बाई, पण त्याला असं काही झापलं की पुढे तो सगळ्यात आधी बसमध्ये येऊन बसायचा.

तिसऱ्या दिवशी योकुल्सार्लोन, तेच हिमनगांचं तळं. हिमनदी मागे सरकत गेली आणि १९३० च्या दशकापासून हे तळं बनत गेलं, आता देशातलं सगळ्यात खोल तळं आहे. निळे पांढरे हिमनग तरंगतात, मध्येच सील डोकं काढतं. बोटीचे पैसे वेगळे असले तरी द्या, आणि बुकिंग आधी करा. बोट मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला जा, तळ्यातून वाहत आलेले बर्फाचे तुकडे काळ्या वाळूवर पडलेले असतात, काचेसारखे. मी तिथे बोटीपेक्षा जास्त रमले. हिमनदीवरचा वॉक याच भागात करतात, बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन लावून. साठीच्या पुढचं पण रोज चालणारं माणूस सोपा वॉक आरामात करतं, आईने केला. मावशी बसमध्ये बसून विणकाम करत होती.

पूर्वेचे फ्योर्ड (समुद्राच्या जमिनीत खोल घुसलेल्या खाड्या) म्हणजे चौथा दिवस, वळणंच वळणं. बस लागणाऱ्यांनी सकाळीच गोळी घ्या आणि पुढची सीट मागा. रेनडियर दिसले तर दिसले. याच दिवशी झोप काढून घ्या, खरंच.

उत्तरेला डेट्टीफॉस, शंभर मीटर रुंद आणि चव्वेचाळीस उंच, पाणी राखाडी, आवाज छातीत बसतो. पार्किंगपासून खडकाळ वाट आहे, घाई नको. पुढे क्वेरिरला चिखल उकळत असतो, दोरीच्या आतच राहा, वरचा थर पातळ असतो. म्यीवात्न या नावाचा अर्थच चिलटांचं तळं. चावत नाहीत बहुतेक, पण नाकात डोळ्यात जातात, तेव्हा डोक्यावर घालायची जाळी घरूनच न्या. आईने ओढणी गुंडाळली, ती जाळीपेक्षा भारी ठरली.

गोडाफॉसची गोष्ट मला फार आवडली. साधारण १००० साली देशाने ख्रिश्चन व्हायचं का हा वाद त्या थिंगवेल्लिरच्या सभेत थोरगेर नावाच्या कायदेपंडितावर सोपवला. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा, एक दिवस-रात्र पांघरूण घेऊन विचार करत पडून राहिला, मग म्हणाला सगळे ख्रिश्चन होऊया, आणि घरी परतताना आपल्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात सोडल्या अशी कथा आहे. मावशी लगेच हात जोडून म्हणाली, "म्हणजे विसर्जनच की गं." जवळच्या हुसाविकहून व्हेल बघायची बोट निघते, तीन तास, अंगावर घालायला ते जाड सूट देतात, तरी आतले कपडे कमी करू नका. अकुरेरीत सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा आहे, बाबांनी त्याचे चार फोटो काढले, व्हेलचे शून्य.

परतीचा दिवस अकुरेरी ते रेक्याविक, चारशेच्या आत किलोमीटर. वाटेत छोटे केसाळ घोडे दिसतील, त्यांना काही खायला घालू नका. या घोड्यांचा नियम असा की एकदा देशाबाहेर गेलेला घोडा परत आत येऊ शकत नाही, रोग येऊ नयेत म्हणून. रेक्याविकला हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने जा, साडेचौऱ्याहत्तर मीटर उंच मनोरा, बांधायला १९४५ ते १९८६ लागली. त्याचा दर्शनी भाग त्याच बसाल्टच्या खांबांसारखा आहे, ते आता तुम्हाला न सांगता कळेल.

गाइडला पहिल्या नावानेच हाक मारा, तिकडे बहुतेकांना आडनाव असं नसतंच, बापाच्या नावापुढे मुलगा किंवा मुलगी लावतात, सरांना-मॅडमना अर्थ नाही. टिप द्यायची पद्धत नाही, दिलीत तर कोणी नाही म्हणणार नाही, आम्ही लाडवांचा डबा दिला.

शेवटचा मुद्दा गरम पाण्याच्या कुंडांचा, आणि हा आधी सांगून ठेवा घरच्यांना, तिथे जाऊन सांगू नका. पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने आंघोळ करावी लागते, सगळ्यांसमोर सामायिक शॉवरमध्ये, भिंतीवर कुठे कुठे धुवायचं त्याचं चित्र असतं. पाण्यात क्लोरिन अगदी कमी घालतात म्हणून हा नियम, कोणी कोणाकडे बघत नाही. तरी आपल्या बायकांना जड जातं, मावशी म्हैसाळहून आलेली, दारातूनच परत फिरली. ब्लू लगून या प्रसिद्ध कुंडाला बंद दाराचे शॉवर आहेत, म्हणून ज्येष्ठांसाठी महाग असलं तरी तेच घ्या, परतीच्या फ्लाइटच्या दिवशी ठेवा कारण ते विमानतळाच्याच बाजूला आहे. बुकिंग आधी लागतं. २०२३ च्या शेवटापासून त्या भागात वरचेवर उद्रेक होतात आणि तेव्हा ते बंद ठेवतात, तर आदल्या दिवशी चेक करा. पाण्यात सिलिका असते, केसांना उतरायच्या आधी कंडिशनर चोपडा, वर बांधा, भिजवू नका. मी हे सगळ्यांना सांगितलं होतं. आईने डुबकी मारली. लंडनपर्यंतच्या विमानात तिच्या केसांत कंगवा उभाच्या उभा राहत होता.